शिंक कोणत्या फुलाची?

पाऊस उघडतो, ऊन तापू लागते आणि पंधरा दिवसांत आमच्या वर्गात शिंकांचा मोसम सुरू होतो. कुणी शिंकले की ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणते, शेजारचा ‘यरहमुकल्लाह’ म्हणतो. पण एकाच मुलाला लागोपाठ आठ-दहा शिंका आल्या की शेजारचाही बिचारा थकतो. घरोघरी याला सर्दी म्हणतात. जोशांदा उकळला जातो, डोक्याला रुमाल बांधला जातो, दही-केळी बंद होतात आणि चार दिवसांनी मेडिकलच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या येतात, त्याही डॉक्टरांना न विचारता.

खरे तर नीट पाहिले तर ही सर्दी वेगळी दिसते. ताप नसतो. नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येतो, टाळू आणि कान आतून खाजतात, डोळे चोळून चोळून लाल होतात. आठवड्यात बरी होणारी ही गोष्ट नव्हे, महिना-दीड महिना चालते. आणि मुख्य खूण म्हणजे दर वर्षी ती जवळपास त्याच आठवड्यांत येते. कॅलेंडर पाहून येणाऱ्या सर्दीमागे बहुतेक वेळा एखाद्या झाडाचे किंवा गवताचे फुलणे असते. फुलातून हवेत उधळलेले परागकण नाकात जातात. ते कुणाला काहीच करत नाहीत, तर कुणाच्या शरीराला ते शत्रूच वाटतात.

मग प्रश्न येतो की हे पराग कोणत्या झाडाचे? या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून बऱ्याच अंशी मिळू शकते, हे आम्ही गेली काही वर्षे मुलांबरोबर पाहत आहोत. त्याविषयी सांगावे म्हणून हा लेख.

प्रश्न नवा नाही. इराणातल्या रय शहराचे नामवंत हकीम अबू बकर अल-राझी (इ. स. ८६५ ते ९२५) यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली होती. विषय असा की, विद्वान अबू झैद अल-बल्खी यांना वसंतात गुलाब हुंगल्यावर नाक वाहण्याचा त्रास का होतो. हजार-अकराशे वर्षांपूर्वी एका वैद्याला ठरावीक ऋतू आणि वाहते नाक यांचा संबंध दिसला होता. पुढे १८१९ साली लंडनच्या जॉन बोस्टॉक या डॉक्टरने दर उन्हाळ्यात स्वतःला होणाऱ्या याच त्रासाचे वर्णन प्रसिद्ध केले. लोक त्याला वाळलेल्या गवताचा ताप म्हणू लागले, पण कारण ठरत नव्हते. कुणी उन्हाला दोष देई, कुणी धुळीला.

ते ठरवले मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांना स्वतःलाच हा त्रास होता. त्यांनी गवताचे पराग गोळा केले, आपल्याच कातडीवर ओरखडा काढून त्यावर ते लावले आणि तिथे उठलेली गांधी पाहिली. मग चिकट द्रव लावलेल्या काचा उघड्यावर ठेवून रोज किती पराग बसतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. एवढ्यावर न थांबता त्यांनी काचा पतंगाला बांधून आकाशात सोडल्या, आणि वर जमिनीजवळच्यापेक्षाही जास्त पराग सापडले. पराग केवळ शेजारच्या शेतातून येत नाहीत, वाऱ्यावर दुरूनही येतात, हे त्यातून कळले. त्यांचे पुस्तक १८७३ साली निघाले. योगायोग असा की त्याच साली आपल्याकडे कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम या सरकारी डॉक्टरने हवेच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवरचे पुस्तक काढले. तुरुंगांच्या आवारातली हवा काचेवर पकडून तिचा कॉलरा आणि तापाशी संबंध लागतो का, हे त्यांना पाहायचे होते. तो संबंध लागला नाही, पण हवेत पराग आणि बुरशीचे बीजाणू किती आहेत याची भारतातली पहिली चित्रे मात्र त्यातून मिळाली.

इथे गुलाबाची थोडी बाजू घेतली पाहिजे. गुलाब, जास्वंद, झेंडू, मोगरा या फुलांचे पराग जड आणि चिकट असतात, कारण ते मधमाशीच्या किंवा फुलपाखराच्या अंगाला चिकटून जायचे असतात. रंग, सुगंध आणि मध हा सगळा थाट त्या पाहुण्यांसाठी. ज्या झाडांचे परागीभवन वारा करतो (उर्दू शाळांत ज्याला ‘जीरगी’ म्हणतात) त्यांना थाटाची गरजच नसते. गवताला फुले येतात हे कित्येकांना माहीतच नसते! वाऱ्याचा भरवसा नाही, म्हणून अशी झाडे पराग अक्षरशः उधळतात. हलके, कोरडे, लाखोंच्या संख्येने. तेव्हा जे फूल दिसायला देखणे, ते शिंकेच्या बाबतीत निर्दोष असण्याची शक्यता जास्त. राझींच्या त्या मित्राला गुलाबाचाच त्रास होता की त्याच दिवसांत फुललेल्या एखाद्या साध्या गवताचा, हे आज कोण सांगणार?

परागकण किती मोठा असतो? बहुतेक १० ते १०० मायक्रॉनच्या दरम्यान. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. भोपळ्याचा आणि जास्वंदीचा पराग इतका मोठा की काळ्या कागदावर झटकला तर नुसत्या डोळ्यांना ठिपके दिसतात. पण हवेत लांबवर तरंगणारे पराग बहुधा १५ ते ४० मायक्रॉनचे.

निसर्गाने या कणाला दिलेले बाहेरचे कवच नवल करण्यासारखे आहे. ते स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचे असते आणि सजीवांनी बनवलेल्या सर्वांत चिवट पदार्थांपैकी ते एक आहे. तळ्याच्या गाळात हजारो वर्षे पडून राहिले तरी ते कुजत नाही, म्हणून त्या काळी तिथे कोणती झाडे होती ते शास्त्रज्ञ आज सांगू शकतात. स्वीडनच्या गुन्नार अर्ड्टमन यांनी तर पराग तीव्र आम्लाच्या मिश्रणात तापवून आतले सारे जाळून टाकण्याची आणि फक्त कवच पाहण्याची पद्धत रूढ केली. (ही पद्धत शाळेत कुणी करू नये, त्यात गंधकाम्ल असते.) या कवचावर प्रत्येक वनस्पतिकुळाची आपापली नक्षी असते. कुठे काटे, कुठे जाळी, कुठे अगदी गुळगुळीत. परागनलिका बाहेर पडावी म्हणून त्यात वाटा ठेवलेल्या असतात. काही गोल छिद्रे, काही लांबट चिरा. ओळख पटते ती या नक्षीवरून आणि वाटांवरून.

आधी पराग पकडायला हवेत. मोठ्या संस्थांत त्यासाठी यंत्रे असतात. इंग्लंडमध्ये जे. एम. हर्स्ट यांनी १९५२ साली तयार केलेले यंत्र आजही जगभर आधार मानले जाते. ते मिनिटाला १० लिटर हवा एका फटीतून ओढते, आतला चिकट पृष्ठभाग तासाला २ मिलिमीटर सरकतो आणि त्यावर पराग आदळून चिकटतात. म्हणजे दिवसाला ४८ मिलिमीटरची पट्टी, आणि कोणत्या तासाला काय आले तेही कळते. आम्ही हे गणित मुलांना घालतो. १० लिटर गुणिले ६० गुणिले २४ म्हणजे १४,४०० लिटर, अर्थात १४.४ घनमीटर. पट्टीवर मिळालेली संख्या त्याने भागली की ‘एका घनमीटर हवेत इतके पराग’ हा आकडा मिळतो. परदेशात हवामानाबरोबर तो जाहीर होतो.

आपल्या महाराष्ट्रानेही यात मोलाची भर घातली आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. एस. टी. टिळक यांनी आर. एल. कुलकर्णी यांच्यासह १९७० साली एक स्वदेशी हवानमुना यंत्र मांडले. ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने ते ओळखले जाते. विजेवर चालते, मिनिटाला ५ लिटर हवा ओढते आणि आतल्या फिरत्या ढोलावरच्या पारदर्शक चिकटपट्टीवर आठ दिवसांचा नमुना गोळा होतो. परदेशी यंत्र परवडत नव्हते त्या काळात यावर मराठवाड्यातल्या शेतांपासून शहरांपर्यंत कितीतरी अभ्यास झाले. विज्ञानाच्या पुस्तकात हे एका ओळीत तरी यायला हवे होते, असे आम्हाला वाटते.

शाळेला यंत्राची गरज नाही. स्वच्छ काचपट्टीवर व्हॅसलीनचा अगदी पातळ थर द्यायचा आणि ती आडवी ठेवायची, वर पावसापासून आडोसा, बाजू मोकळ्या. ओ. सी. डरहॅम यांचा १९४६ सालचा साधा सापळा याच तत्त्वाचा आहे, दोन आडव्या चकत्यांच्या मध्ये काच. आमच्या मुलांनी दोन स्टीलच्या ताटल्या आणि तीन खिळे-नळ्या वापरून तो बनवला. चोवीस तासांनी काच काढायची, कोपऱ्यात तारीख आणि जागा लिहायची, ग्लिसरीन जेलीचा थेंब टाकून वर काचझाकण ठेवायचे. जेलीत किंचित सॅफ्रानिन घातले की परागांचे कवच गुलाबी-लाल रंग घेते आणि धुळीचे कण, काजळी वगैरे बहुतेक तशीच राहतात. रंग फार झाला तर नक्षी बुजते, तेव्हा हात आखडता ठेवावा.

या साध्या पद्धतीचा एक दोष लक्षात ठेवायचा. काचेवर जे पडते ते आपल्या वजनाने पडते. त्यामुळे मोठे, जड पराग जास्त दिसतात आणि बारीक कमी. वारा असला-नसला तरी फरक पडतो. ‘हवेत काय काय आहे’ हे ती सांगते, ‘घनमीटरला किती’ हे नाही.

आता काच सूक्ष्मदर्शकाखाली. आधी १०० पट मोठे करून सगळी काच चाळायची, मग संशयित दिसला की ४०० पट. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला एक सुंदर, गोल, जाड काळ्या कडेचा ‘पराग’ सापडतो, आणि तो हवेचा बुडबुडा असतो! त्यानंतर पतंगाच्या पंखावरचे खवले, कापसाचे धागे, पिठाचे दाणे आणि बुरशीचे बीजाणू यांची पाळी. अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा बीजाणू गदेसारखा असतो, आत आडव्या-उभ्या भिंती असतात. एकदा पाहिला की विसरत नाही. तोही दम्याला कारण होतो, म्हणून त्याची नोंद वेगळी ठेवतो.

पराग ठरला की आम्ही मुलांना वनस्पतीचे नाव लगेच घेऊ देत नाही. केवढा आहे? एकटा आहे की जुळलेला? वाटा किती, आणि छिद्रे की चिरा? पृष्ठभाग कसा? एवढे वहीत लिहून, शेजारी पेन्सिलीने चित्र काढून मगच नाव. चित्र काढताना जे दिसते ते मोबाइलने फोटो काढताना दिसत नाही. सूक्ष्म फिरकी हळूच वर-खाली करायला शिकणे ही यातली खरी कसोटी. कवचावर काटा किंवा उंचवटा असेल तर भिंग वरच्या पातळीवर असताना तो उजळ दिसतो आणि जरा खाली नेले की काळपट. खड्डा किंवा छिद्र असेल तर नेमके उलटे. आपल्याला एका वेळी एकच पातळी स्पष्ट दिसते, त्यामुळे गोल कणाची नक्षी अशी थरथराने वाचावी लागते. आणखी एक फसवणूक म्हणजे कोरडा पराग आक्रसून तांदळाच्या दाण्यासारखा लांबट होतो, चिरा मिटतात. तोच ओलावा मिळताच फुगून गोल होतो. एकाच झाडाचे दोन चेहरे!

आपल्या भागात सर्वांत जास्त भेटणारा पाहुणा म्हणजे गवताचा पराग. गोल, जवळपास गुळगुळीत, आणि त्यावर एकच छिद्र. छिद्राभोवती जाडसर कडे आणि मध्ये छोटे झाकण. दिवा लावलेल्या खिडकीसारखे ते दिसते. पण हे एकच छिद्र कणाच्या पाठीमागे असले तर दिसत नाही. अशा वेळी काचझाकणाला सुईच्या टोकाने हलकेच टिचकी द्यायची, कण लोळतो. बहुतेक रानगवतांचा पराग २० ते ४० मायक्रॉनचा, ज्वारीचा त्याहून मोठा, मक्याचा तर ८० ते १०० मायक्रॉनपर्यंत. पण कोणते रानगवत ते मात्र साध्या सूक्ष्मदर्शकातून सांगता येत नाही, सगळी भावंडे सारखी. तिथे ‘गवत’ एवढेच लिहून थांबण्यात प्रामाणिकपणा आहे.

या साध्याशा कणाला कमी समजू नये. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरावर संध्याकाळी वादळ आले. हवेत राय गवताचे पराग भरपूर होते. ओलाव्याने ते फुगून फुटले आणि एकेका परागातून शेकडो अतिसूक्ष्म पिष्टकण बाहेर पडले. अख्खा पराग नाकातच अडतो, पण हे कण ३ मायक्रॉनहून लहान, थेट फुप्फुसात उतरतात. काही तासांत हजारो माणसे श्वास कोंडून दवाखान्यांकडे धावली, १० जणांचा मृत्यू झाला. त्यांतल्या कित्येकांना आपल्याला दमा आहे हे माहीतही नव्हते.

गवतानंतर काटेमाठ, राजगिरा, चाकवत यांचा नंबर. गोल, २० ते ३० मायक्रॉन, सगळ्या अंगभर छिद्रे. मुलांनी त्याचे नाव ‘चाळणी’ ठेवले आहे आणि ते शास्त्रीय वर्णनापेक्षा बरे आहे. एरंडाचा पराग तीन चिरांचा. एरंडाच्या तुऱ्यात खाली नरफुले, वर मादीफुले, आणि नरफुलांचे परागकोश वाळताच फटकन फुटून पराग उडवतात. उकिरड्यावर, नाल्याकाठी आपोआप उगवलेले हे झाड वर्षातला बराच काळ फुललेले असते. बाभळीचा पराग ओळखायला सर्वांत सोपा, कारण तो एकटा नसतोच. बहुधा सोळा कण एकमेकांना घट्ट चिकटून एक चपटा गोळा होतो, जणू पट्ट्या शिवलेला फुटबॉल. फेब्रुवारी-मार्चमध्ये वावळ फुलतो. त्याला पाने येण्याआधीच बारीक फुले येतात, पराग चार-सहा छिद्रांचा. कोकणातल्या वाचकांना सुरूचा पराग भेटेल, गोलसर त्रिकोण आणि तीन कोपऱ्यांवर तीन छिद्रे. आणि माडाचा, एकच लांब चीर असलेला, होडीसारखा.

आणि गाजर गवत. नावात गवत असले तरी हे गवताच्या कुळातले नाही, सूर्यफुलाच्या कुळातले आहे. मूळ अमेरिका खंडातले. पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याकडे लक्ष गेले. परदेशी गव्हाबरोबर बी आले असे सांगतात. काँग्रेस गवत हे नाव तेव्हापासूनचे. त्याचा पराग १५ ते २० मायक्रॉनचा, गोल, अंगभर आखूड टोकदार काटे आणि तीन चिरा. मुले त्याला ‘गोखरू’ म्हणतात. झेंडू, सूर्यफूल, शेवंती यांचेही पराग काटेरीच, पण मोठे आणि लांब काट्यांचे, शिवाय ते हवेत फारसे येत नाहीत. लहान आणि आखूड काट्यांचा दिसला, तेही पाच-दहाच्या पुंजक्यात, तर गाजर गवत.

या कामाला वळण मिळाले ते नववीतल्या एका मुलीमुळे. तिला दमा. दर वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर तिचा अर्धा हजेरीपट रिकामा. अभ्यासात हुशार, पण सहामाही परीक्षा नेहमी त्याच दिवसांत. डॉक्टरांनी दिलेला पंप घरच्यांनी बंद केला होता, कारण ‘त्याची सवय लागते’. दादीचे म्हणणे दह्यामुळे होते. खालाने सांगितले, अंगणातल्या कडुनिंबामुळे. अब्बांनी झाड तोडायला माणूसही ठरवला. तिची अम्मी शाळेत येऊन म्हणाली, “सर, घरात सावली तेवढीच आहे. पण पोरीच्या जिवापुढे झाड काय?”

आम्ही त्यांना आठवडाभर थांबायला सांगितले. मुलीने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी अंगणात, शाळेच्या गच्चीवर आणि तिच्या झोपायच्या खोलीत काचा ठेवल्या. दहा दिवस रोज. कडुनिंबाचा पराग कसा असतो हे कळावे म्हणून वसंतात बनवलेली आमच्या संग्रहातली काच काढली. चार चिरा, बऱ्यापैकी मोठा, अगदी स्पष्ट. दहा दिवसांच्या काचांवर तसा एकही नव्हता. असणार कसा? कडुनिंब मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, आणि तेव्हा तर ही मुलगी ठणठणीत असते. काचांवर सर्वाधिक होते गवत, त्याखालोखाल ‘गोखरू’ आणि ‘चाळणी’. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे एक रिकामा प्लॉट आहे. तिथे कमरेएवढे गाजर गवत पांढऱ्या फुलांनी डवरलेले होते, आणि त्याच बाजूच्या दोरीवर घरच्या चादरी वाळत.

इथे आम्ही मुलींना थांबवले आणि वाचकांनाही थांबवतो. हवेत पराग सापडला म्हणजे त्याचाच त्रास होतो असे सिद्ध होत नाही. काच फक्त हजेरी सांगते. गुन्हा सांगायला डॉक्टर लागतो. त्वचेवर निरनिराळ्या परागांच्या अर्काचे थेंब ठेवून सूक्ष्म टोचणी देतात आणि पंधरा-वीस मिनिटांत कुठे गांधी उठते ते पाहतात. ब्लॅकलींनी स्वतःवर केले तेच, आता सुरक्षित रीतीने. त्याआधी अॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी पडते. किती दिवस ते डॉक्टरच सांगतात.

या मुलीचा आधी एक रक्ताचा रिपोर्ट काढलेला होता, चांगले पैसे खर्चून. त्यात पंधरा-वीस नावे होती, बरीच युरोप-अमेरिकेतल्या झाडांची. भूर्ज, ऑलिव्ह. ही झाडे आमच्या तालुक्यात कुणी पाहिलेली नाहीत. एका ठिकाणी मात्र रॅगवीडपुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिले होते आणि घरच्यांना त्याचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. रॅगवीड ही अमेरिकेतली वनस्पती गाजर गवताची जवळची नातेवाईक. दोघांच्या परागातली प्रथिने इतकी मिळतीजुळती की एकाची अॅलर्जी असलेल्याची चाचणी दुसऱ्यालाही प्रतिसाद देऊ शकते. मुलींच्या वहीतली यादी आणि चित्रे घेऊन अब्बा जिल्ह्याच्या छातीच्या डॉक्टरांकडे गेले. टोचणीच्या चाचणीत गवत आणि गाजर गवत निघाले. पण सर्वांत मोठी गांधी उठली ती घरातल्या धुळीतल्या किड्याची, म्हणजे माइटची. तो गादी-उशीत राहतो, काचेवर आम्हाला तो दिसलाच नव्हता आणि दिसणारही नव्हता.

डॉक्टरांनी पंप पुन्हा सुरू केला आणि रोज घ्यायला लावला. पंपाची सवय लागत नाही. औषध थेट फुप्फुसात थोडक्या मात्रेत जाते आणि आतली सूज कमी ठेवते. बरे वाटते म्हणून मनाने बंद केले की सूज परत येते. किती घरांत हा गैरसमज एखाद्या पोराचा श्वास कोंडतो आहे, हे सांगताना आम्हाला त्रास होतो. उशा-गाद्यांना खोळी आल्या, चादरी गरम पाण्यात धुतल्या जाऊ लागल्या आणि मोसमात त्या घरातच वाळू लागल्या. मोहल्ल्यातल्या पोरांनी प्लॉट साफ केला. पुढच्या वर्षी मुलीची गैरहजेरी संपली नाही, पण सहामाहीचे सगळे पेपर तिने दिले. कडुनिंब उभा आहे.

गाजर गवत उपटण्याविषयी मात्र कळकळीने सांगायचे आहे. ते फुलण्याआधी, पावसाळ्याच्या सुरुवातीला, जमीन ओली असताना मुळासकट काढावे. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकावर रुमाल. फुललेले झाड झटकत ओढले की पराग आणि बी दोन्ही पसरतात. स्वच्छता मोहिमेच्या नावाखाली लहान मुलांना उघड्या हातांनी हे गवत उपटायला लावलेले आम्ही पाहिले आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे सुजलेले, खाजरे हातही. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने कातडीचा आजार होतो आणि एकदा जडला की वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. ज्याला दमा आहे त्याने या कामाला जाऊच नये.

आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत हे करून पाहायचे असेल तर सुरुवात हवेपासून करू नका, फुलांपासून करा. ओळखीचे फूल घ्या, परागकोश काचेवर चुरा, स्पिरिटचा थेंब टाकून तेलकटपणा जाऊ द्या, वाळले की जेली आणि काचझाकण. झाडाचे नाव, जागा, तारीख लिहा. जास्वंद आणि भोपळ्यापासून सुरू करा, कारण मोठे पराग पाहून मुलांची भीड चेपते. मग मका, एरंड, बाभूळ, काटेमाठ. वर्षभरात तीस-चाळीस काचा जमतात आणि त्या काचा हेच तुमच्या गावाचे पुस्तक होते; परदेशी पुस्तकातली चित्रे इथे अर्धीच उपयोगी. झाकणाच्या कडा पारदर्शक नेलपॉलिशने बंद केल्या तर काच बरीच वर्षे टिकते. मुलींकडे ते असतेच, आणि वर्गात आणायची परवानगी मिळते म्हणून त्या खूश. आमच्या पेटीत सध्या वावळाच्या दोनच काचा आहेत, त्यातली एक तडकलेली. फेब्रुवारीत जुन्या ईदगाहच्या रस्त्यावरचे झाड फुलेल तेव्हा नव्या करायच्या आहेत.